भिंतीवाल्या बारातून ऐकलेली फायनल

मी दारू पीत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी बारमध्ये नोकरी केली म्हटलं की लोक पहिलं तेच विचारतात. उभी हयात काउंटरमागं गेली, किती बाटल्यांची बुचं फिरवली त्याला गणती नाही, पण थेंब जिभेला लावला नाही. आमचं घर चंद्रपूरचं, वडील शिंपीकाम करायचे. मी या धंद्यात शिरलो तेव्हा अम्मीनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मग एके दिवशी शेजारणीला सांगताना ऐकलं, "अपना बच्चा तो सिर्फ डालता है. पीते तो दूसरों के हैं." त्या दिवसापासून मला घरात पुन्हा गरम पोळी मिळायला लागली.

पुढं जिल्ह्यात दारू बंद झाली, मग पुन्हा सुरू झाली, तोवर माझे गुडघे गेले होते. आता दुपारी पलंगावर पडलो की डोळ्यांसमोर तोच बार येतो. येतो तो नेहमी पावसाळ्यातला, दुपारचा, ओल्या कोळशाचा आणि उकडलेल्या अंड्यांचा वास घेऊन. मी जागा आहे की झोपलोय ते बायकोलाही कळत नाही.

भद्रावतीच्या अलीकडं मेन रोड सोडून आत वळलं की कोळशाच्या खाणीची एक कॉलनी लागते. एकसारखे पिवळे क्वार्टर, दारात पपईची झाडं, आणि मधोमध फुटबॉलचं मैदान. क्रिकेटची हवा आमच्याकडं उशिरा आली. खाणीत जो तो आपापल्या मुलखातून आलेला. तेलुगू, बंगाली, मल्याळी, छत्तीसगडी, आणि इथले गोंड, कुणबी. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, पण शिफ्ट सुटल्यावर चेंडूला लाथ मारता सगळ्यांनाच येत होती. त्यातून टीम झाली, टीमचा कप झाला, आणि कपापायी भांडणं झाली.

मैदानाला कंपनीनं उंच भिंत घातली होती आणि आमचा बार त्या भिंतीला पाठ लावून उभा होता. समोर रस्ता, मग टेबलं, काउंटर, मागं भटारखाना, आणि त्याच्याही मागं टिनाच्या छपराखालचं छोटं आंगण. आंगणाची एक बाजू म्हणजेच मैदानाची भिंत. म्हणून सगळे 'भिंतीवाला बार' म्हणत. शेठनं पाटीवर काय नाव रंगवलं होतं ते एक्साइजवाल्यांशिवाय कोणी वाचलं नसेल.

बाहेरच्यांना वाटतं, बारचं काम म्हणजे ओतायचं काम. छे हो. खरं काम थांबवायचं आहे. कोणाला कधी "बर्फ संपला" म्हणायचं, कोणाला "घरून निरोप आला" म्हणून उठवायचं, कोणाच्या पुढं ग्लासाआधी भुर्जी सरकवायची म्हणजे रिकाम्या पोटी चढणार नाही, हे सगळं चेहरा पाहून ठरवावं लागतं. मी थापा मारण्यात असा तरबेज झालो की भर पावसाळ्यात बर्फ संपायचा आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. आमच्या बारातून कोणी नालीत पडला नाही, ही माझी कमाई. हसायचं तर हसा.

जुनी माणसं पहिल्या घोटाआधी ग्लासात बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडायची. गेलेल्यांचा वाटा. खाणीच्या कॉलनीत गेलेल्यांना काय तोटा? सकाळी फरशी पुसताना मला उगाच वाटायचं की आपण कोणाच्या तरी तोंडचा घास पुसून राह्यलो. मी कोपऱ्यात जरा कमीच फडकं मारायचो.

गिऱ्हाईकं तर एकेक नमुनेदार. एक गुरुजी होते, ते रम कपबशीतून प्यायचे, वर बशीत ओतून फुंकर मारायचे. रस्त्यावरून विद्यार्थी गेला तर त्याला गुरुजी चहा पिताना दिसावेत. एक बिस्वासबाबू, खाणीत इलेक्ट्रिशियन. कपाच्या फायनलला बहुतेक वेळा आमच्यासमोर चामोर्शीकडच्या, बंगाली निर्वासितांच्या गावांची टीम असायची. पोरं काय खेळायची, पायाला चेंडू चिकटल्यागत! त्यांचे पाठीराखे टेम्पो भरून ढोल वाजवत यायचे, आणि त्यांच्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळं वैनगंगा ओलांडली की त्यांना आधी आमची आठवण व्हायची. बिस्वासबाबूची त्या दिवशी गंमत बघावी. पगार कॉलनीचा, बोली त्या पोरांची. ते दोन्ही कानांत बोटं घालून कोपऱ्यात बसायचे आणि मॅच संपल्यावर मला खुणेनं विचारायचे. कोणीही जिंको, रडायचे.

कपाचं नाव स्वातंत्र्यदिनाचं, पण फायनल पंधरा ऑगस्टला कधी झाली नाही. त्या दिवशी ड्राय डे. कमिटीतले अर्धे लोक आमचे गिऱ्हाईक, त्यामुळं फायनल नेहमी पुढच्या रविवारी पडायची. देशावर प्रेम सगळ्यांचंच होतं, पण जिंकल्यावर शटर उघडं पाहिजे की नाही?

आणि मी, मी इतकी वर्षं भिंतीला पाठ लावून उभा, मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मॅच असली की हाताला दम नसायचा. गोल झाला तर सोडा संपायचा, खाल्ला तर क्वार्टर संपायच्या, एवढंच माझं ज्ञान. गिऱ्हाईकं मॅच पाहायला जायची आणि मधल्या सुटीत धावत येऊन एकमेकांच्या अंगावर ओरडायची. मी म्हणायचो, अरे, एवढं काय आहे त्या चेंडूत? ते माझ्याकडं असं पाहायचे की जणू मीच प्यायलेलो आहे.

यांच्यात एक गिऱ्हाईक निराळं होतं. राजन्ना.

राजन्ना सिरोंच्याकडचा, खाणीत ड्रेसर होता. ड्रेसर म्हणजे छत वाजवून पाहणारा. जमिनीखाली कोळसा काढून झाला की वरचं दगडाचं छत कुठं धरून असतं, कुठं सुटलेलं असतं. डोळ्यांना सगळं सारखंच काळं दिसतं. मग लांब दांड्यानं ठोकायचं आणि कान द्यायचा. ठणठणीत वाजलं तर माणसं पुढं जातील, पोकळ वाजलं तर सगळ्यांना मागं काढायचं. राजन्नाच्या कानावर भरवसा ठेवून माणसं खाली उतरायची. पुढं ब्लास्टिंगच्या एका अपघातात त्याचे डोळे गेले. बायको त्याआधीच तापानं गेलेली. घरात राहिले दोघं, राजन्ना आणि त्याचा पोरगा श्रीनू.

श्रीनू लहानपणापासून बापाचा हात धरून वाढला. म्हणजे धरायचा पोरगा आणि चालायचा बाप. मोठा झाला, उंच झाला, कॉलनीच्या टीमचा गोलकीपर झाला. मॅचच्या दिवशी बापाला आमच्या मागच्या आंगणात आणून भिंतीलगतच्या बाकावर बसवायचा आणि मैदानात जायचा. मैदानात बसवायची सोय नव्हती. एकदा बसवलं तर गोल झाल्यावर लोक राजन्नाच्या अंगावरून नाचून गेले होते.

त्या दोघांचं बोलणं मी कितीतरी वर्षं ऐकलं. ते एवढंच असायचं. "पायरी हाय." "डावीकडं पानी हाय." "बसा." बस. बाप म्हणायचा, "हो." भांडण नाही, रुसवा नाही. दोन माणसांच्या घरात बोलायला तिसरं माणूस लागतं, आणि ते गेलेलं होतं. श्रीनू बापाची सेवा मन लावून करायचा, कपडे धुवायचा, डबा भरायचा, पण तोंडातून शब्द म्हणून काढायचा नाही. राजन्ना एकदा मला म्हणाला होता, "शब्बीरभाऊ, माह्या घरी एक पोट्टा राह्यते म्हणतेत. मले तं त्याच्या चपलेचाच आवाज मालूम हाय."

तर हा राजन्ना बाकावर बसायचा, तळहात भिंतीला लावायचा आणि मॅच ऐकायचा. म्हणजे पब्लिक ऐकायचा. भिंतीपलीकडून 'होऽऽ' वर चढत गेलं की चेंडू गोलाकडं निघाला, मध्येच तुटलं की कोणी अडवला, 'अरेरे' खाली बसलं की बाहेर गेला. सगळे एकदम गप्प झाले की पेनल्टी. आणि आमच्या गोलापुढं गर्दी जीव खाऊन ओरडली, मग टाळ्या पडल्या, की राजन्नाची मान ताठ व्हायची. "पकडला," म्हणायचा. "पोट्ट्यानं पकडला." त्याचा श्रीनू त्याला असा हजार गळ्यांतून कळायचा. खुद्द श्रीनू कधी कळायचा नाही.

मग तो स्वाइन फ्लूचा पावसाळा आला.

आधी तो पेपरात आला, पुण्या-मुंबईचा. आम्ही म्हटलं, मोठ्या शहरांची मोठी दुखणी. मग चंद्रपुरात कोणाला तरी आहे म्हणे, अशी आवई उठली, आणि रातोरात कॉलनीच्या तोंडाला रुमाल चढले. बायाबापड्या कापूर आणि विलायचीची पुरचुंडी हुंगत नळावर यायला लागल्या. मेडिकलमधलं निलगिरीचं तेल संपलं. आणि एके सकाळी हवालदार मेश्राम आमच्या शटरला कागद चिकटवून गेला. बार, सिनेमा, आठवडी बाजार, स्पर्धा, जिथं म्हणून माणसं जमतात ते सगळं पुढच्या हुकमापर्यंत बंद.

"मेश्रामभाऊ," मी म्हटलं, "बिमारी तर नाकातून जाते. आमच्याकडं तर लोक तोंडानं पितात."

"मले नोको सांगू," तो म्हणाला. "मीच परेशान हाय. फायनल कुठी पाहू आता मी?"

नागपूरहून शेठचा फोन आला. शटर बोटभर जरी वर गेलं तरी लायसन जाईल, आणि लायसन गेलं तर शब्बीर, तू बी जाशील. मी खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवल्या. दिवसा आत अंधार आणि फटीतून येणारी उजेडाची एक पट्टी, त्यात कोळशाची धूळ तरंगत राहायची. मी त्या पट्टीकडं पाहत तासन् तास बसायचो. मला राहायला मागचीच खोली होती, जाणार कुठं?

नवल म्हणजे लोक यायचेच. दारूसाठी नाही हो, दारू काय, ज्याला पाहिजे त्याला कुठंही मिळते. आपल्या टायमाला यायचे, बंद शटरपुढं जरा उभे राहायचे, कोणी भेटलं तर लांबूनच, "काय म्हणता?" आणि परत. बिस्वासबाबू एकदा शटरवर हात ठेवून उभे राहिलेले मी फटीतून पाहिले. गुरुजी तर घरून कपबशी घेऊन आले होते, सवयीनं. मला तेव्हा कळलं, की मी इतकी वर्षं विकत होतो ते बाटलीतलं नव्हतंच.

फायनलचं काय करायचं यावर कमिटीच्या बैठका झाल्या, त्याही अंतर ठेवून. बंगाली गावांची टीम आणि आमची टीम साथीच्या आधीच फायनलला पोचलेली. शेवटी ठरलं, मॅच होईल. फक्त बावीस खेळाडू आणि पंच. गेटला कुलूप. माणूस आत दिसला तर केस. कॉलनीत सुतक पडल्यासारखं झालं. बायको गेली तेव्हा ज्याच्या डोळ्यात पाणी आलं नव्हतं असा एक क्रेन ऑपरेटर मला भेटून रडला.

शनिवारी दुपारी मागच्या दाराला काठीचा आवाज झाला. दार उघडलं तर राजन्ना, एकटाच. भिंत चाचपत चाचपत आलेला.

"शब्बीरभाऊ, उद्या मले बसू द्या."

"राजन्ना, बार बंद हाय ना जी."

"पाजू नोका मले. भिंतीपाशी नुसतं बसू द्या. श्रीनूले हैदराबादले नोकरी लागली. कारखान्याच्या टीमले गोलकीपर पाह्यजे होता. परवा सकाळी जाऊन राह्यला तो. हा शेवटचा गेम हाय त्याचा इथला. एक बी गेम पाह्यला नाई मी त्याचा."

मी म्हणालो, "बसा ना, पण ऐकाल काय? पब्लिकच नाई उद्या."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो दारातच उभा राहिला, काठी दोन्ही हातांनी धरून. पागोळ्या त्याच्या खांद्यावर पडत होत्या आणि त्याला पत्ता नव्हता. "हो ना," म्हणाला. "पब्लिकच नाई." मग तोंड माझ्याकडं वळवून, "मंग तुमी सांगान का? तुमाले तं डोये हायत."

आता काय बोलता? मला पेगाचं माप सांगा, डोळे मिटून सांगतो. पण फुटबॉल! तरी तोंडातून "हो" निघून गेलं. संध्याकाळी मी बिस्वासबाबूच्या क्वार्टरवर गेलो. त्यांनी ओट्यावर काड्यापेट्या मांडून मला ऑफसाइड शिकवला. तिसऱ्यांदाही डोक्यात शिरला नाही तेव्हा ते म्हणाले, "शोब्बीर, तुमि फक्त बॉल कुठं आहे तेवढं बोलो." त्यांना स्वतःला गेटजवळही जायची बंदी होती. मला निरोप द्यायला ते रस्त्यापर्यंत आले, आणि मी जणू हज यात्रेला निघालोय असा त्यांनी माझा हात धरला.

रविवारी दुपारी बारीक पाऊस लागलेला. पाऊस म्हणण्यासारखा नाही, हवाच ओली झालेली. पलीकडची बाभळीची झाडं पुसट दिसत होती, खाणीचा कोळसा वाहणारा पट्टा रविवारचा बंद, रस्ता रिकामा. असा रविवार मी कॉलनीत कधी पाहिला नाही. कुठंतरी कोंबडा अवेळी आरवला तर तो पार दुसऱ्या गावात आरवल्यासारखा वाटला. मी राजन्नाला बाकावर बसवलं, त्याच्या हातात चहा दिला, आणि बिअरचे रिकामे क्रेट एकावर एक रचून त्यावर चढलो. भिंतीच्या आणि छपराच्या मधून मैदान दिसत होतं.

आयुष्यात पहिल्यांदा मी ते मैदान खेळ चालू असताना पाहिलं. हिरवंगार, मधे चिखल, आणि धुक्यात पळणारी पोरं. एक प्रेक्षक नाही. चारी बाजूंनी ती भिंत आणि आत नुसतं आभाळ उतरलेलं. गेटवर मेश्राम रेनकोट घालून उभा, मैदानाकडं पाठ करून. ड्युटी लोकांना अडवायची होती म्हणून बिचाऱ्याला वळून पाहताही येत नव्हतं. शिट्टी वाजली.

"सुरू झालं," मी म्हणालो. "आपले निळे हायत. एका निळ्याजवळ चेंडू हाय. आता नाई. आता पिवळ्याजवळ हाय. तो पळून राह्यला. पडला. उठला. चेंडू कुठी गेला बे... हां, तिकडं हाय."

"तिकडं म्हंजे कुठी?"

"तिकडं म्हंजे... बाभळीकडं."

"कोन्या बाभळीकडं, भाऊ?"

माझ्या खिशात मोबाइल थरथरायला लागला. एकामागून एक. कॉलनीत बातमी फुटली होती की शब्बीर क्रेटवर चढला आहे. "शब्बीरभाई, स्कोर?" "शब्बीरभाई, पोझिशन का हाय?" मी एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हातानं फोन, तोंडानं राजन्नाला सांगतोय. "नाई झाला अजून गोल! ठेव! नाई राजन्ना, तुमाले नाई म्हटलं. चेंडू बाहेर गेला. नाई नाई, आतच हाय." मला घाम फुटला. शनिवारच्या रात्री भरलेला बार एकट्यानं सांभाळला आहे मी, पण असा कधी फजीत झालो नाही.

तेवढ्यात राजन्नानं माझा पाय धरला. "भाऊ, हा कोन व्हय?"

"कोण?"

"हा वरडून राह्यला तो."

मी गप्प झालो तेव्हा मलाही ऐकू आलं. ओल्या हवेतून, भिंतीच्या अगदी जवळून, एक खणखणीत आवाज येत होता. "मुन्ना, मांगं ये! डावीकडं, डावीकडं पाहा! सोड त्याले, माहा हाय! माहाऽऽ! मुन्ना, तुले सांगून राह्यलो ना बे!" एवढं भरभरून, एवढं हक्कानं, की सगळी टीम त्या आवाजाच्या दोरीवर मागं-पुढं होत होती. गोल आमच्याच बाजूच्या भिंतीपाशी होता. इतकी वर्षं हा आवाज हजार लोकांच्या ओरडण्याखाली दबून गेलेला असणार. मी मान उंचावून पाहिलं, कोण ते.

"राजन्ना," मी म्हटलं, "तो आपला श्रीनू हाय."

चहा त्याच्या हातातून कलंडून धोतरावर सांडत होता. राजन्ना म्हणाला, "इतका बोलते?"

बापाला पोराचा आवाज ओळखू आला नव्हता. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "आता पिवळ्याकडं चेंडू..."

"चूप बसा, भाऊ," राजन्ना म्हणाला. "चूप बसा."

मी फोन बंद केला. क्रेटवरून उतरलो आणि त्याच्या शेजारी बसलो. मॅच मी पाहिलीच नाही पुढं. दोघं भिंतीला पाठ लावून बसून राहिलो आणि श्रीनू बोलत राहिला. पोरांना शिव्या देत होता, चुचकारत होता, हसवतही होता. "पोटात दुखते का रे तुह्या? पळ नं!" राजन्नाच्या ओठांवर ते शब्द उमटत होते. चेंडूची ढब, पोरांचे श्वास, चिखलात पाय रुतल्याचा आवाज, आणि मधोमध ते बोलणं. राजन्ना मध्येच हसायचा, मध्येच भिंतीवर बोटानं हळूच ठोकायचा, खाणीत ठोकायचा तसं. मधल्या सुटीनंतर बाजू बदलल्या, श्रीनू पलीकडच्या टोकाला गेला, पण रिकाम्या मैदानात तिथूनही त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मला वाटत होतं हे संपूच नये, आणि उद्या सकाळची गाडी येऊच नये.

मग एकाएकी श्रीनू किंचाळला, "मुन्नाऽऽ!" आणि एक ढब झाली, आणि काहीच ऐकू आलं नाही. राजन्नाची बोटं भिंतीवर थबकली. पलीकडं पिवळी पोरं ओरडायला लागली, बंगालीत, पण त्यांच्याही ओरडण्याला जोर नव्हता, कोणासाठी ओरडायचं? श्रीनूचा आवाज गेला होता. राजन्ना वाट पाहत होता. छत वाजवल्यावर उत्तराची वाट पाहतात तशी मान कलती. मग आला. फाटलेला, बसलेला, पण आला. "काई नाई! चला! उठ मुन्ना, उठ!"

राजन्नानं सोडलेला श्वास मला ऐकू आला.

एका गोलानं हरलो आम्ही. लांब शिट्टी झाली आणि मैदान रिकामं झालं, टाळी नाही की शिवी नाही. मी फोन चालू केला. पहिला बिस्वासबाबूचा. मी म्हणालो, "बाबू, तुमचे जिंकले." पलीकडून आलं, "कोणते आमचे, शोब्बीर?" आणि रडणं.

मागच्या दारात श्रीनू उभा होता. मेश्रामनंच सांगितलं असणार, म्हातारा काठी टेकत बाराकडं गेला म्हणून. अंगभर चिखल, हातमोजे तसेच, डोळे लाल. तो मैदानातला आवाज घशात उरलाच नव्हता, नुसती फुसफूस. "चला, नायना. पायरी हाय."

नायना म्हणजे त्यांच्या तेलुगूत बाबा. राजन्ना उठला नाही.

"मुन्ना मांगं येत नव्हता," तो म्हणाला.

श्रीनूनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, मी नाही बाबा, मला कोण मुन्ना तेही ठाऊक नाही.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"तूच सांगतलं. कितीखेप सांगतलं त्याले. पह्यल्यापासून सांगून राह्यला होता तू. तो ऐकतच नव्हता."

श्रीनू दारातच उभा. त्याच्या हातमोज्यांतून पाणी गळत होतं. "ऐकू येत होतं तुमाले?"

"सारं," राजन्ना म्हणाला. "सारं ऐकलो मी."

त्यावर त्या पोराचं तोंड असं वेडंवाकडं झालं की मला पाहवेना. मी भटारखान्यात गेलो आणि स्टोव्ह पेटवला, उगाच. मागून त्याचा घोगरा आवाज यायला लागला. "तो ऐकतच नाई ना, नायना. मी म्हटलं ना त्याले, त्या पिवळ्याचा उजवा पाय पाहा, तो उजव्यानंच मारते..." मध्येच घसा अडकायचा, खोकायचा, पुन्हा सुरू. मी भांड्यात पाणी टाकलं, साखर टाकली, पत्ती टाकायची विसरलो.

मग तो थांबला. "तुमी भिजलात," म्हणाला. "घरी चाला. सामान बी बांधायचं हाय."

"गाडी उद्या हाय नं?" राजन्ना म्हणाला. बाकावर हात फिरवून त्यानं शेजारी जागा केली. "मंग बस. पह्यल्यापासून सांग."